आत्याबाईंचा आरसा

लकवा झालेल्या माणसासाठी घरच्या घरी काय साधन करता येतं, ते आज सांगते. आधी आमची चूक सांगते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंचा, आत्याबाईंचा, उजवा हात लकव्यानं गेला. भेटायला येणारा प्रत्येकजण सल्ला द्यायचा. कुणीतरी म्हणालं, आढ्याला कप्पी टांगा. चांगल्या हातानं दोरी ओढली की लुळा हात आपोआप वर जातो. आम्ही आडावरची जुनी कप्पी टांगली. महिन्याभरात आत्याबाईंचा खांदा इतका दुखायला लागला की लुगडं नेसवताना त्या रडायच्या.

धाराशिवला व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, “आधी कप्पी काढा.” खांद्याचा सांधा स्नायूंनी धरलेला असतो. लकव्यात ते ढिले पडतात. मग दोरीनं हात वर ओढला की आतला भाग चिमटतो. रुग्णाला उठवतानासुद्धा लुळ्या हाताला धरून ओढू नये, हेही तेव्हाच कळलं.

मग त्यांनी आरशाचं साधन सांगितलं. मूळचे तमिळनाडूचे डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी अमेरिकेत हात तुटलेल्या माणसांसाठी असा आरसा वापरला होता. १९९९ साली लकव्याच्या रुग्णांवरही त्याचा प्रयोग छापून आला.

आमच्या गावच्या सुतारानं दीड फुटी आरसा लाकडी पाटावर उभा बसवून दिला. कडा घासून पट्टी मारली, म्हणजे हात कापायला नको. हा पाट समोर मधोमध ठेवायचा. लुळा हात आरशाच्या मागे, चांगला हात पुढे. चांगल्या हाताची मूठ उघडायची, मिटायची, नजर मात्र आरशात. मेंदूला वाटतं, लुळा हातच हलतोय. मागच्या हातानंही तसंच करायचा प्रयत्न करायचा. आम्ही रोज अर्धा तास करायचो.

एक अडचण आली. लुळ्या हातातल्या बांगड्या दवाखान्यात काढल्या होत्या. आत्याबाई म्हणाल्या, “आरशातला हात माझा न्हाई. त्यात बांगड्या हायेत.” चांगल्या हातातल्या काढायला त्या तयार नव्हत्या. मग दुसऱ्या हातातही तशाच हिरव्या, जरा सैल भरल्या. त्या दिवसापासून त्यांचं मन लागलं.

आरशानं जादू होत नाही. बाकीचे व्यायामही चालूच होते. भाकरी त्यांना अजून थापता येत नाही. पण आता उजव्या हातानं वांगं दाबून धरतात आणि डाव्या हातानं चिरतात.

तेव्हा सख्यांनो, कुठलंही साधन करण्याआधी व्यायामाच्या जाणकाराला दाखवा आणि तीन गोष्टी बघा. दुखतं का? मेहनत रुग्ण स्वतः करतोय का? सून रानात गेली तरी ते वापरता येतं का? एका बचत गटानं एक आरसा केला, तर तो गावात घरोघर फिरेल.

रामराम.