अकरावीला ओझे किती घ्यावे?

(विहाराच्या वर्धापनदिनी पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत पेढ्यांच्या मागोमाग एक प्रश्न येतो. सायन्स घेतलं, ठीक. पण गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घ्यायचं की एकच? विहाराच्या अभ्यासिकेत आम्ही हा प्रश्न दरवर्षी ऐकतो, म्हणून आज त्यावरच बोलणार आहोत.

पालक म्हणतात, दोन्ही असू द्या, डॉक्टर नाही तर इंजिनिअर तरी होईल. ऐकायला बरं वाटतं. पण नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे, गणित त्यात नाहीच. राज्याच्या सीईटीत पीसीएम ग्रुपला २०० पैकी १०० गुण गणिताचे, तिथे जीवशास्त्र नाही. म्हणजे एकच मूल दोन परीक्षांची तयारी करतं. भौतिक आणि रसायन तेवढे सामाईक. वर बोर्डाची परीक्षा आणि प्रॅक्टिकलच्या वह्या आहेतच. आपल्या घरातले तास मोजून पाहा. कॉलेज सहा तास, क्लास तीन, येणं-जाणं दीड-दोन. त्यात पाणी भरायचं, धाकट्या भावंडांना सांभाळायचं, आणि टी.व्ही. एकाच खोलीत. मुलीच्या वाट्याला स्वयंपाकही. उरले किती? ते आकडे मांडल्याशिवाय विषय ठरवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. क्लासच्या फीसाठी कर्ज काढणारे पालक आम्ही पाहिले आहेत. मुलाला झोपेला सहा तास मिळतात का, हे विचारणारे फार थोडे.

आता दुसरी बाजू. आमच्या माहितीतली एक मुलगी दहावीला गणितात चांगल्या गुणांनी पास झाली. प्रवेशाच्या खिडकीवर तिच्या आईला सांगितलं गेलं, “ताई, तुमच्या मुलीला झेपणार नाही, आर्ट्सला टाका.” मार्कशीट न बघता! आर्ट्स वाईट नाही, पण मुलीला काय झेपेल हे खिडकीने का ठरवावं? तिने गणित घेतलं, जीवशास्त्र सोडून भूगोल घेतला. विषय सहाच राहिले, ओझं मात्र वाहता येईल इतकं झालं.

सोडायचंच तर गणित सोडताना दहादा विचार करा. २०२३ पासून वैद्यकीय आयोगाने बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून पास होऊन नीटला बसायची वाट मोकळी केली आहे. सुटलेलं गणित दोन वर्षांनी पुन्हा हाती धरणं मात्र फार जड जातं. कॉमर्सच्या मुलांनाही हेच लागू. गणित नको म्हणून एस.पी. घेतात, आणि दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला जायचं म्हटलं की गणित आडवं येतं.

बाबासाहेबांचे नाव या वादात हमखास येते. खरं आहे, कोलंबियात त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ अभ्यासक्रम घेतले. पण ते त्यांनी स्वतः निवडले होते, आणि मागे बडोद्याच्या महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती. त्याआधी शाळेत संस्कृत शिकायची इच्छा असून त्यांना ते शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. पोराला बाबासाहेबांचं उदाहरण देणाऱ्या पालकांनी आधी त्याला एक कोपरा, एक दिवा आणि रात्रीची शांतता द्यावी. मग २९ ची गोष्ट सांगावी.

मुलांनो, तुमच्याशीही एक बोलायचं आहे. मित्राने दोन्ही घेतले म्हणून तुम्ही घेऊ नका. दोन्ही विषय खरोखर आवडत असतील, दहावीचं विज्ञान आणि गणित हात न थरथरता सुटत असेल, तर जरूर घ्या, आम्ही पाठीशी आहोत. पहिल्या चाचणीत हाल झाले तर लपवू नका. विषय कधीपर्यंत बदलता येतो हे कॉलेजात त्याच आठवड्यात विचारा. ती मुदत गेली की कोणी ऐकत नाही.

निकालानंतर अभ्यासिका रोज संध्याकाळी उघडी राहील. फॉर्मवर विषय भरण्याआधी मार्कशीट घेऊन या. आणि मुलाला घरी ठेवून एकटे येऊ नका, त्याला बरोबर आणा.

जयभीम.