व्यवहाराची भाषा आणि अलंकार

(खेड तालुक्यातील शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



अलंकार म्हटले की शालेय व्याकरण आणि गुणांसाठी पाठ केलेल्या व्याख्या आठवतात. उपमेय, उपमान, साधर्म्य ही नावे परीक्षेनंतर आपण विसरतो. अलंकार मात्र आपल्याला सोडीत नाहीत. ते अर्जात येतात, ठरावात येतात, करारनाम्यातही शिरतात. आणि तेथे ते ओळखू आले नाहीत, तर नुकसान गावाचे होते.

'सातबारा कोरा करा' ही मागणी घ्या. शब्दशः घेतली तर अनर्थ ओढवेल. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, नमुना बारा ही पिकांची नोंदवही. उतारा खरोखरच कोरा झाला तर खातेदाराचे नावही पुसले जाईल! अभिप्रेत असते ते 'इतर हक्क' या रकान्यातील कर्जाचा बोजा उतरविणे. (बोजा हेही रूपकच; कागदावर वजन कसले?) वाच्यार्थ जुळत नाही म्हणून त्याच्याशी निगडित दुसरा अर्थ घ्यावा लागतो, तेथे आपले शास्त्रकार लक्षणा मानतात. आळंदी इंद्रायणीवर आहे असे आपण म्हणतो तेव्हा गाव पाण्यावर तरंगत नसते. घोषणेत लक्षणा शोभते. महसूल कार्यालयाकडील अर्जात मात्र कोणत्या गटावरील, कोणत्या संस्थेचा, किती रकमेचा बोजा कमी करावयाचा, हेच लिहावे लागते.

उपमा 'हे त्याच्यासारखे आहे' असे सांगते. रूपक 'सारखे' हा शब्दच गाळून दोघांना एक मानते, म्हणून ते अधिक जपून वापरावे. या औद्योगिक पट्ट्यात 'कंपनीने गाव दत्तक घेतले' हे वाक्य वारंवार कानी पडते. हिंदू कायद्याप्रमाणे दत्तक पुत्राला वारसाहक्क मिळतो आणि विधिवत झालेले दत्तकविधान रद्द करता येत नाही. दत्तक गावाच्या वाट्याला यातले काय येते? २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार ठराविक मर्यादेवरील कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावयाची असते. आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदा म्हणतो. अमुक गाव अमुक वर्षे सांभाळावे, असे बंधन तो घालीत नाही. तेव्हा 'दत्तक' हा शब्द स्वागतफलकावर खुशाल असावा. करारात वर्गखोल्या किती, पाण्याची टाकी केव्हा आणि कंपनीने काम आटोपल्यावर तिची देखभाल कोणाकडे, हे पंचायतीने लिहून घ्यावे.

चाकणला 'भारताचे डेट्रॉइट' म्हणण्याची वर्तमानपत्री हौस आहे. चेन्नईलाही हाच किताब मिळाला आहे. मोटारींचे कारखाने एवढेच साधर्म्य बोलणाऱ्याच्या मनात असते. परंतु उपमान आपली सगळी कहाणी बरोबर आणते. १९५० मध्ये सुमारे साडेअठरा लाख वस्तीचे ते शहर २०१० मध्ये सात लाखांच्या घरात आले आणि २०१३ मध्ये त्याच्या नगरशासनाने दिवाळखोरीचा अर्ज केला. हे ठाऊक असणारा मनुष्य हा गौरव ऐकून दचकेल.

म्हणून अलंकार वर्ज्य करा, असे मी म्हणत नाही. ज्यांची समाधी येथून जवळच आळंदीस आहे, त्या ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेवर भाष्य करताना दृष्टान्तांच्या राशी ओतल्या. संस्कृत न जाणणाऱ्या श्रोत्याला अवघड विचार त्याच्या ओळखीच्या वस्तूंतून कळावा, यासाठी ती योजना होती. आरोग्याची किंवा जलसंधारणाची माहिती देणाऱ्या कार्यकर्त्यास एक नेमकी उपमा पानभर परिभाषेहून अधिक उपयोगी पडते.

शिक्षकांना एक सुचवितो. आठवडाभरातील फलक, बातम्या, निमंत्रणपत्रिका वर्गात आणवाव्यात आणि मुलांकडून अलंकार शोधून घ्यावेत. 'पवनामाई कोपली' असा मथळा हाती आला, तर मुले त्याला चेतनगुणोक्ती म्हणतील. पुस्तकाच्या दृष्टीने उत्तर संपले. तेथेच थांबू नये. मथळ्यात कोपली ती नदी, म्हणजे माणूस वाक्यातून नाहीसाच झाला. मग धरणातून पाणी किती सोडले, सूचना केव्हा दिली आणि पूररेषेच्या आत भराव कोणी घातला, हे प्रश्न मुलांनाच फळ्यावर लिहू द्यावेत.