गाठ साधी की कॅन्सरची?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सॉफ्टवेअरमधल्या नोकरीबद्दल बोलायला सांगितलं होतं. पण आपण सगळ्यांनी चाळिशी ओलांडली आहे आणि आपल्या ग्रुपवर कोणाचा ना कोणाचा रिपोर्ट येतच असतो. म्हणून आज रिपोर्टबद्दलच बोलते. मी डॉक्टर नाही, पेशंट होते.

लहानपणी पायात काटा मोडला की जांघेत गाठ यायची. आजी म्हणायची, "अवधाण आलं." जखम सुकली की गाठ जिरायची. ती गाठ म्हणजे लसिकाग्रंथी, शरीराची चौकी. जंतू आले की ती फुगते. मानेतल्या गाठींना आपल्याकडे गंडमाळ म्हणत. ती बहुधा क्षयाची असे. आजही आपल्या देशात मानेत बरेच दिवस राहणाऱ्या गाठींमागे टीबी हे मोठं कारण आहे.

मी अडतीस वर्षांची असताना माझ्या मानेत डाव्या बाजूला दुखऱ्या गाठी आल्या. रोज संध्याकाळी ताप. अकोल्यात सुईने तपासणी केली, म्हणजे एफएनएसी. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: लिम्फोमाची शक्यता नाकारता येत नाही. अमरावतीला आईला फोन केला. ती म्हणाली, "साधं सांग बरं मले, कॅन्सर हाय का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने अंबादेवीला नवस बोलला.

एका दवाखान्यात सल्ला मिळाला, टीबीची औषधं सुरू करून बघू. दुसरीकडे, स्टिरॉइड घ्या, गाठ बसेल. सुदैवाने आमच्या फिजिशियनने दोन्ही थांबवलं. स्टिरॉइडने लिम्फोमाची गाठही तात्पुरती लहान होते आणि मग बायोप्सीत निदान धूसर होतं. त्यांचं म्हणणं एकच होतं: आधी अख्खी गाठ काढून तपासू.

सुईतून सुट्या पेशी येतात. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोग्रामच्या चार ओळी वाचून सगळी रचना कळत नाही. लिम्फोमा ओळखताना पेशींइतकीच ग्रंथीची रचना महत्त्वाची असते. अख्खी गाठ मिळाली की ती दिसते, शिवाय इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने कोणती पेशी कोणत्या जातीची हे रंगवून पाहता येतं. टीबीसाठी सीबीनॅट वेगळी होते.

त्या रिपोर्टची वाट पाहण्याचे दिवस सर्वांत जड गेले. नाव आलं किकुची-फुजिमोतो. 1972 साली किकुची आणि फुजिमोतो या दोन जपानी डॉक्टरांनी हा आजार स्वतंत्रपणे वर्णन केला. तो तरुण स्त्रियांत जास्त दिसतो. ग्रंथीचा काही भाग मरतो, भोवती मोठमोठ्या पेशी जमतात, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली तो लिम्फोमासारखा भासतो. पण बहुतेकांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप बरा होतो. मला केमो लागली नाही. तापाच्या गोळ्या आणि विश्रांती पुरली.

पण "साधी गाठ" म्हणजे विसरून जायची गाठ नव्हे. हा आजार काहींत परत येतो, काहींत आधी किंवा नंतर ल्युपस आढळतो. म्हणून माझी एएनए चाचणी झाली आणि काही वर्षं ठरावीक काळाने तपासणी चालू राहिली. कॅसलमन नावाच्या आजारातही असंच असतं: एकाच ठिकाणची गाठ काढली की बहुधा प्रश्न मिटतो, अनेक ठिकाणी असेल तर उपचार आणि देखरेख दोन्ही लागतात.

आता कामाचं. गाठ चार-सहा आठवडे राहिली, वाढत गेली, कडक लागली किंवा गळपट्टीच्या हाडावर आली, तर थांबू नका. सोबत ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम किंवा कारण नसताना वजन घटत असेल, तर लगेच दाखवा. बायोप्सी झाली की रिपोर्टबरोबर स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक कुठे आहेत ते विचारून ठेवा. शंका राहिली तर तेच ब्लॉक मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दुसऱ्या मतासाठी नेता येतात. पुन्हा कापाकापी लागेलच असं नाही.

आणि ग्रुपवर कोणी रिपोर्ट टाकला तर "काही होत नाही गं" असं लिहून मोकळे होऊ नका. विचारा, बायोप्सी झाली का? सोबत कोण आहे? मी अकोल्यात आहे, अमरावतीला माहेर आहे. दोन्हीकडे दवाखान्यात सोबत यायला मी तयार आहे. कधीही फोन करा.