खेळ एक, यंत्रें अनेक

पनवेलकरांस माथेरान परकें नाहीं. कर्जतवरून नेरळास गेलें म्हणजे दोन मापांचे रूळ दिसतात. एक १६७६ मिलिमीटर रुंदीचा, दुसरा अवघा ६१० मिलिमीटरचा. प्रवासी एका गाडींतून उतरून दुसरींत बसतो. डब्यास मात्र तसें करतां येत नाहीं. व्हिडिओ गेमच्या यंत्रांची गोष्ट अशीच आहे. तोच खेळ सोनीच्या प्लेस्टेशनसाठीं निघतो, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्ससाठीं निघतो, पुष्कळदां निन्टेंडोच्या स्विचसाठींहि निघतो. परंतु एकासाठीं घेतलेला दुसऱ्यावर चालत नाहीं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें रचलेला ‘राजी’ हा खेळ घ्या. असुरांनीं पळविलेल्या धाकट्या भावाच्या शोधास निघालेल्या मुलीची ती कथा. २०२० च्या ऑगस्टमध्यें तो प्रथम स्विचवर आला, प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर ऑक्टोबरांत. गंमत अशी कीं, निन्टेंडोनें स्विच हें यंत्र आपल्या देशांत रीतसर विक्रीस आणलेंच नव्हतें! खेळ पुण्याचा, पण पनवेलच्या मुलास तो आधीं खेळावयाचा तर यंत्र परदेशाहून आलेलें हवें. नाहींतर दोन महिने वाट पाहावी.

आतां एखाद्या बिऱ्हाडांत थोरल्याचें प्लेस्टेशन आणि धाकट्याचा एक्सबॉक्स, अशीं दोन्ही असलीं, तर नवा खेळ कोणासाठीं घ्यावा? जाहिरातदार चित्राच्या रेखीवपणाच्या गोष्टी सांगतात. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीज एक्स हीं दोन्ही यंत्रें येथें आलीं तेव्हां प्रत्येकाची किंमत ४९,९९० रुपयेच होती, आणि पलंगावर बसून पाहणाऱ्यास त्यांच्या चित्रांतला फरक सहसा कळत नाहीं. फरक कळतो तो जुन्या आणि नव्या यंत्रांत. ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ २०२० च्या डिसेंबरांत निघाला, तो प्लेस्टेशन ४ वर इतका अडखळे कीं, आठवड्याभरांत सोनीनें तो आपल्या दुकानांतून काढला व गिऱ्हाइकांस पैसे परत देऊं केले. पुढल्या जूनमध्यें तो पुन्हां विक्रीस आला.

दुसरी गोष्ट तबकडीची. तबकडी शेजाऱ्यास उसनी देतां येते, खेळून झाल्यावर निम्म्याशिम्म्या किंमतीस विकतां येते. एक्सबॉक्स सीरीज एस स्वस्त खरा, पण त्यांत तबकडी घालण्याची सोयच नाहीं. तेथें घेतलेला खेळ मालकाच्या खात्यांतच राहतो. मध्यम स्थितींतल्या घरानें हा हिशेब आधीं करावा.

आणि सोबती? २०१८ च्या सप्टेंबरांत सोनीनें ‘फोर्टनाइट’पुरती इतर यंत्रांवरील खेळाडूंस वाट मोकळी केली, पुढें आणखी खेळांस ती मिळाली, सर्वांस नव्हे. ज्यास ती नाहीं असा खेळ वर्गांतल्या चौघांनीं प्लेस्टेशनसाठीं घेतला आणि पांचव्यानें स्वस्त मिळाला म्हणून एक्सबॉक्ससाठीं, तर रविवारीं दुपारीं चौघे एकत्र खेळतात आणि पांचवा एकटा बसतो.