पिशवीतलं शून्य



भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ लिहिली. तिच्या अंकपाश प्रकरणात एक उदाहरण आहे : चार, आठ, पाच, पाच, पाच या अंकांच्या किती निरनिराळ्या संख्या होतील? पाचही अंक वेगळे असते तर १२० झाल्या असत्या. पण पाच तीनदा आलाय, आणि तीन पाचांनी आपसात जागा बदलल्या तरी संख्या तीच राहते. म्हणून १२०ला ६ने भागायचं. उत्तर २०.

शाळेतल्या संचाला हे गणित सुटत नाही. संच म्हणतो, चार, आठ, पाच. तीन घटक, विषय संपला. यादी पाचही अंक सांभाळते, पण सोबत त्यांचा क्रमही सांभाळते, आणि तो इथे नको आहे. आपल्याला हवं आहे एवढंच : काय आहे आणि किती वेळा आहे. याला मल्टिसेट म्हणतात. हे नाव डच गणिती डी ब्रॉइन यांनी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांना सुचवलं. काहीजण ‘बॅग’ म्हणतात. मी आज पिशवीच म्हणणार आहे, कारण पिशवीत क्रम नसतो, नग असतात.

ही पिशवी लिस्प या संगणकभाषेत कशी शिवायची? जॉन मॅकार्थी यांनी १९५८मध्ये एमआयटीत लिस्पचं काम सुरू केलं. यादी हाताळणं हा तिचा पिंड, नावही त्यावरूनच. त्यामुळे पहिला विचार जोड्यांच्या यादीचा येतो : ((५ . ३) (४ . १) (८ . १)). पाच अंकांना हे पुरतं. एखाद्या जाड पुस्तकातले शब्द मोजायचे झाले, तर प्रत्येक शब्दासाठी यादी पहिल्यापासून चाळावी लागते. मग हॅश टेबल घ्यावं, त्यात शब्दाची नोंद थेट सापडते. कॉमन लिस्प या लिस्पच्या बोलीत सगळं काम या एका ओळीत होतं :

(इन्कफ (गेटहॅश शब्द पिशवी ०))

आतल्या कंसापासून वाचा. गेटहॅश विचारतं, या शब्दाची पिशवीत किती नोंद आहे? नसेल तर शून्य समज. इन्कफ त्याच जागी एक वाढवतं. ‘शब्द नवा असेल तर असं, जुना असेल तर तसं’ असा फाटाच इथे फुटत नाही. नसलेली वस्तू म्हणजे शून्य वेळा असलेली वस्तू, ही मल्टिसेटची व्याख्याच त्या कोपऱ्यातल्या शून्यात आहे. मला ही ओळ फार सुंदर वाटते.

मात्र ती मी पहिल्यांदा वापरली तेव्हा हजारो शब्दांपुढे एक-एक अशीच मोजणी आली. ‘आणि’सुद्धा एकदाच! त्याआधी अंक घालून पाहिले होते, तेव्हा सगळं बरोबर होतं. कारण असं की, हॅश टेबलला काही सांगितलं नाही तर ते ‘इक्वल’ऐवजी ‘इक्ल’ ही कसोटी लावतं. मराठीत हा फरक एका वाक्यात सांगता येतो : इक्ल विचारतं ‘तेच आहे का?’, इक्वल विचारतं ‘तसंच आहे का?’ मजकुरात दोन ठिकाणी आलेला ‘आणि’ तसाच असतो, पण तोच नसतो. स्मृतीत त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. टेबल बनवतानाच इक्वल सांगावं लागतं.

मराठीला तेवढंही पुरत नाही. ‘दुसऱ्या’मधला ऱ कुणी एका संकेतानं टाइप करतं, कुणी र खाली नुक्ता देऊन. डोळ्यांना शब्द एकच, पण यंत्राला दोन. मोजणीआधी सगळा मजकूर एका वळणावर आणला नाही, तर एका शब्दाच्या दोन नोंदी होतात. मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांनी हे कधीही विसरू नये.

आता काढण्याची बाजू. नग एकानं कमी केला आणि मोजणी शून्यावर आली, की नोंदच पुसायची. ‘राहू दे, शून्यच तर आहे’ म्हणून चालत नाही. दोन टेबलं सारखी आहेत का हे ‘इक्वल्प’ तपासतं, तेव्हा आधी नोंदींची संख्या पाहतं. एका पिशवीत ‘लिंबू : ०’ उरलं असेल आणि दुसरीत लिंबाची नोंदच नसेल, तर आपल्या लेखी समान असलेल्या पिशव्या त्याच्या लेखी भिन्न ठरतात.

दोन पिशव्यांचे व्यवहार तर तुम्ही शाळेतच शिकलात. १२ म्हणजे २, २, ३. १८ म्हणजे २, ३, ३. प्रत्येक मूळ संख्येची लहान मोजणी घेतली की उरतात २, ३ : मसावि ६. मोठी घेतली की २, २, ३, ३ : लसावि ३६. मोजण्या मिळवल्या की गुणाकार, २१६. म्हणजे छेद, संयोग आणि बेरीज. लिस्पची तयार ‘युनियन’ आणि ‘इंटरसेक्शन’ इथे वापरू नका. ती संचांसाठी आहेत. यादीत पुनरावृत्ती असेल तर ती उत्तरात येईल किंवा येणार नाही, प्रमाण ग्रंथ कसलीही हमी देत नाही. लहान-मोठं मोजणारी चार ओळींची फंक्शनं स्वतः लिहा.

शेवटी १२ आणि ३५ घेऊन पाहा. २, २, ३ आणि ५, ७. सामायिक काही नाही. प्रत्येक लहान मोजणी शून्य, म्हणून एकही नोंद ठेवायची नाही. छेदाची पिशवी रिकामी. तिच्यातल्या संख्यांचा गुणाकार लिस्पला विचारा, म्हणजे गुणाकाराच्या फंक्शनला काहीच न देता नुसतं (*) लिहा. उत्तर येतं १. आणि १२ व ३५ यांचा मसावि १च आहे.