एका रुळावर दोन गाड्या

बालाघाटहून बैहरकडे जाणाऱ्या रस्त्यावर उकवा हे मँगेनीजच्या खाणीचे गाव लागते. तेथील एका स्नेह्यांनी मध्यंतरी मला विचारले, "संगणकात एक नवा प्रोग्राम घातला आणि माझा जुना हिशेबाचा प्रोग्राम उघडेनासा झाला. त्याला तर मी हातही लावला नव्हता!"

त्यांची तक्रार रास्त होती. कोणताही प्रोग्राम आपली सगळी कामे स्वतः करीत नाही. अक्षरे रेखाटणे, स्मृतीतील मजकूर एका जागेहून दुसरीकडे नेणे ही नित्याची कामे तो सामायिक लायब्ररीकडे सोपवितो. एकच लायब्ररी अनेकांची चाकरी करते. तिच्या जागी दुसरी आवृत्ती आली, की तिच्यावर विसंबलेला एखादा प्रोग्राम कोलमडतो. १९९०च्या दशकात विंडोजवर हे वारंवार घडे.

उकव्याच्या जुन्या मंडळींना गोंदियाचे स्टेशन आठवत असेल. जबलपूरची नॅरोगेज आणि मुंबई-हावड्याची ब्रॉडगेज तेथे शेजारी शेजारी नांदत. लिनक्सने हीच युक्ती योजली. लायब्ररीच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक असतो आणि प्रोग्राम आपल्याला हवा तो क्रमांक मागतो. १९९७च्या सुमारास तेथील मूळ सी लायब्ररीचा क्रमांक पाचाचा सहा झाला, तेव्हा दोन्ही एकाच यंत्रावर राहू शकत होत्या.

तो सहाचा आकडा आजही बदललेला नाही. फरक आता लायब्ररीच्या आत, एकेका कार्यापुरते नोंदविले जातात. २०१० साली फेडोरा १४ या लिनक्सवर फ्लॅश प्लेअरचा आवाज बिघडला. मजकूर हलविणारे 'मेमकॉपी' हे कार्य वेगासाठी काही यंत्रांवर शेवटाकडून सुरुवातीकडे चालू लागले होते. मूळ जागा आणि नवी जागा एकमेकींवर येता कामा नयेत, असा नियम होता. फ्लॅशने तो पाळला नव्हता. चूक फ्लॅशचीच, यात शंका नाही. पण लिनस टोरवाल्ड्स यांनी वापरणाऱ्याची बाजू घेतली, आणि मला तीच योग्य वाटते. गाणे ऐकणाऱ्याने नियमांचे पुस्तक का वाचावे? २०११च्या २.१४ आवृत्तीत तोड निघाली: जुन्या प्रोग्रामांना जुनी, निर्धोक चाल आणि नव्यांना नवी. एकाच फाइलीत दोन मेमकॉपी!

मग प्रत्येकाने आपापली प्रत का बाळगू नये? अनेक जण तसे करतातही. परंतु २०१४ साली ओपनएसएसएल या लायब्ररीत हार्टब्लीड हे भगदाड सापडले, तेव्हा सामायिक प्रत बदलून तिच्यावरचे प्रोग्राम पुन्हा सुरू केले की भागत होते. खासगी प्रती मात्र एकेक शोधून दुरुस्त कराव्या लागल्या.

उकव्याच्या स्नेह्यांची जुनी फाइल आम्ही त्यांच्या हिशेबाच्या प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये ठेवली आणि तो उघडला. त्या फाइलीची डागडुजी आता कोणी करणार नाही. म्हणून ते यंत्र इंटरनेटला जोडू नका, एवढे मात्र मी त्यांना दोनदा बजावले.