वारीची वाट कोण राखणार?

(हिंगोली येथे सेवाकार्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



शेगावच्या श्री गजानन महाराजांची पालखी रिसोड ओलांडून आपल्या सेनगाव तालुक्यात येते, ते दिवस पेरणीच्या घाईचे असतात. तरीही गावोगावची माणसे तिफण बाजूला ठेवून वाटेवर येऊन उभी राहतात. सेनगाव, नरसी नामदेव, औंढा नागनाथ, जवळा बाजार असे करीत पालखी परभणीकडे निघून जाईपर्यंत आपल्या जिल्ह्यात कोणी वारकरी उपाशी राहिला, असे कधी ऐकिवात नाही. पंगती उठतात, डॉक्टर मंडळी औषधांची पेटी घेऊन बसतात, कोणी पाय चेपून देतो, कोणी तुटलेली वहाण शिवून देतो. या सेवेविषयी मी आज बोलणार नाही. ती आपल्या रक्तातच आहे, तिच्यासाठी बैठक बोलावण्याचे कारण नाही.

मला बोलायचे आहे ते पालखी गेल्यानंतरच्या दिवसांविषयी. पताका दिसेनाशा झाल्या की आपण मंडपाचे खांब काढतो, कार्यकर्ते घरी जातात, आणि ती वाट व तिच्या कडेच्या जागा पुढच्या ज्येष्ठापर्यंत बेवारस होतात. वर्षभराने पालखी येते तेव्हा कुठे पांदण नांगरली गेलेली असते, कुठे दिंडी उतरण्याच्या माळावर तारेचे कुंपण आलेले असते, कुठे विहिरीकडची पायवाट कोणाच्या तरी शेतात गडप झालेली असते. पालखी निमूटपणे डांबरी सडक धरते. वारकरी तक्रार करीत नाही, त्याचा तो स्वभाव नव्हे. पण त्याने तक्रार केली नाही म्हणून वाट शाबूत आहे असे आपण समजायचे का?

स्वयंसेवकांचे नियोजन ही गोष्ट आपण परक्यांकडून शिकावी अशी स्थिती नाही. श्री ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी आजचे शिस्तबद्ध रूप दिले. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना क्रम आहे आणि तो क्रम कोणी मोडीत नाही. संध्याकाळी तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार आपला दंड उंचावतात आणि हजारोंचा समुदाय एका क्षणात निःशब्द होतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती आपले टाळ थांबवीत नाही. चोपदार त्या दिंडीकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, निवाडा होतो आणि मग ते टाळही शांत होतात. त्याच दिवशी, त्याच तळावर, सर्वांच्या साक्षीने. अर्ज नाही, तारीख नाही. व्यवस्थापनशास्त्राच्या जाड पुस्तकांतून याहून अधिक काय सांगितलेले असते, मला ठाऊक नाही.

शेगाव संस्थानाचे उदाहरण तर आपल्या दाराशीच आहे. कै. शिवशंकरभाऊ पाटील यांनी (त्यांचे निधन ४ ऑगस्ट २०२१ रोजी झाले) सेवेकऱ्यांची जी घडी बसवली, ती पाहण्यासाठी दूरदूरची माणसे येतात. गावागावांतून सेवेकरी पाळीपाळीने येतो, विनावेतन ठरलेले काम करतो आणि पाळी संपली की आपल्या शेताकडे परततो. काम झाडण्याचे असो वा वाढण्याचे, त्यात उच्चनीच नाही. यातली पाळीची पद्धत ध्यानात घ्या. एकाच माणसाला वर्षभर राबवले तर तो चार महिन्यांत थकतो आणि सहाव्या महिन्यात रुसतो! थोडे काम, निश्चित काम आणि ठरलेल्या मुदतीचे काम दिले, तर सामान्य माणूस ते वर्षानुवर्षे आनंदाने करतो. आपल्या अनेक उपक्रमांचे दुखणे नेमके येथे आहे. आपण उत्साह गोळा करतो, पाळी ठरवीत नाही.

आता जमिनीकडे वळू. पूर्वीच्या वाटेला सोबत होती. कोसा-दोन कोसांवर विहीर, कडूनिंबाची व चिंचेची सावली, गावाबाहेरचे गायरान, एखादी धर्मशाळा, आणि तिचा दिवाबत्तीचा खर्च चालावा म्हणून देवस्थानाला लावून दिलेली जमीन. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे देवसेवेसाठी दिलेल्या अशा जमिनी आपल्याकडे ‘खिदमतमाश’ या नावाने कागदावर आढळतात. ती जमीन देवाची आहे, वहिवाटदाराला ती विकण्याचा अधिकार नाही. मराठवाड्यात अशा जमिनींचे परस्पर व्यवहार झाल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत आणि वाचून वर्तमानपत्राची घडी करून ठेवीत आलो आहोत.

सडकांचा प्रश्न वेगळा. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालखीमार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी केली. त्या मार्गांच्या दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथाची तरतूद करण्यात आली, हे स्वागतार्हच आहे. शेगाव-पंढरपूर म्हणून ओळखला जाणारा महामार्ग मात्र लोणार, मंठा, परतूर, माजलगाव असा जातो. तो आपल्या जिल्ह्याला स्पर्शही करीत नाही. आपल्याकडून अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड हा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग गेला. रस्ते हवेतच, त्यांना विरोध करणारा मी नव्हे. पण रुंदीकरणात तोडलेल्या जुन्या झाडाची सावली नव्या रोपाला यायला एक पिढी जावी लागते, आणि तोवर अनवाणी चालणाऱ्या म्हातारीच्या तळपायाखाली तापलेली सडक असते.

कायदा आपल्या बाजूने आहे, पण तो जाग्या माणसाचा आहे. शेताकडे वा कुरणाकडे जाणारा वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदार तो मोकळा करून देऊ शकतात. त्यासाठी दाद अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. वारी येते बारा महिन्यांनी! आषाढात पांदण नांगरली, तर पुढच्या ज्येष्ठात ते आपल्या ध्यानात येणार आणि तोवर मुदत केव्हाच टळून गेलेली असणार. वर्षातून एकदा वाटेवर जाणारा सेवक वाट राखू शकत नाही, तो याचमुळे.

अमेरिकेत अ‍ॅपलाचियन ट्रेल नावाची पायवाट आहे. चौदा राज्यांतून जाणारी, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर लांब. बेंटन मॅके या वनशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये ती कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये वाट सलग झाली. तिला ना संतांची परंपरा, ना पालखी. चालणारे निसर्गासाठी चालतात. प्रारंभी ही वाट बरीचशी खाजगी मालकांच्या सौजन्यावर होती आणि मालक बदलला की वाट डांबरी रस्त्यावर ढकलली जाई. आपलेच दुखणे! १९६८ मध्ये तेथील संसदेने राष्ट्रीय पायवाटांचा कायदा केला, १९७८ मध्ये जमीन संपादनासाठी तो बळकट केला आणि वाटेच्या दुतर्फा पट्टा हळूहळू सार्वजनिक मालकीत आणला. तरीही राखण सरकारी नोकरांवर सोपवली नाही. तीसेक स्थानिक मंडळांनी वाट वाटून घेतली आहे. मंडळातला स्वयंसेवक आपला ठरलेला टप्पा सांभाळतो, झुडपे तोडतो, पाण्याला वाट करून देतो. काही स्वयंसेवक तर केवळ हद्दीच्या खुणा तपासत फिरतात आणि अतिक्रमण दिसताच कळवतात. त्यांच्याजवळ भक्ती नव्हती, म्हणून त्यांनी व्यवस्था उभी केली. आपल्याजवळ भक्ती आहे, एवढ्यावर आपण निर्धास्त राहिलो.

एका नाजूक विषयाला हात घालणे भाग आहे. गायरानावरचे अतिक्रमण म्हटले की काहींच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा गावकुसाबाहेरचे झोपडे येते. हे मला मुळीच मान्य नाही. मराठवाड्यात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले आहेत. १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरान कसून पोट भरणाऱ्या भूमिहीन, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांचे हक्क शासनाने १९९१ च्या निर्णयाने मान्य केले. त्यांचा तो अधिकार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करण्याचे आदेश दिले, तेव्हाही भूमिहीनांना अथवा अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या जागांचा अपवाद न्यायालयाने सांगितला होता. दोन विहिरी आणि ट्रॅक्टर असलेला माणूस गायरानाची कड दरवर्षी एक तास आत सरकवतो, त्याच्याशी बोलायला आपण कचरतो आणि झोपडीवाल्यावर नियम चालवतो, तर त्याला संघटनेचे काम म्हणता येणार नाही. नामदेवरायांच्या जन्मभूमीत तरी नाही. त्यांनी येथून पंजाबपर्यंत नाम नेले आणि त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात विराजमान झाली, ती माणसांना बाहेर काढून नव्हे.

म्हणून राखणीचे काम कसे करायचे, याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी कागद, मग माणूस, शेवटी कार्यालय. गावनकाशावर तुटक एकेरी रेषेने दाखवलेला पायमार्ग असतो, त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग. गायरान कोणत्या गटात आहे ते सातबाऱ्यावर कळते आणि सरकारी जमिनीवरील अतिक्रमणाची नोंद तलाठ्याकडच्या गाव नमुना १-ई मध्ये असते. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाची नोंदवही आहे. खाजगी जमिनीतून जाण्या-येण्याचा जो हक्क गाव रूढीने भोगत आले, तो तीत लिहिण्याची तरतूद आहे. पालखीची वाट ज्या ज्या शिवारातून गेली, तेथे ही नोंद आहे का, हे एकदा तरी पाहायला हवे. २०२५ मध्ये शासनाने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घेण्याचे ठरवले, त्याचाही लाभ घेता येईल.

कागद हाती आल्यावर थेट तहसीलदारांकडे धावू नका. धुऱ्यावर जा. सोबत गावातला वयोवृद्ध टाळकरी घ्या, शक्य तर त्या शेतकऱ्याच्याच भावकीतला. सोयाबीनची एक ओळ किंवा हळदीचा एक गादीवाफा मागे घ्यायचा असतो, एवढेच बहुतेक ठिकाणी प्रकरण असते. ज्याच्या अंगणात पालखीचे पाय धुतले जातात, तो माणूस नीट समजावल्यावर सहसा नाही म्हणत नाही. त्याला समाजासमोर खाली पाहायला लावले, तर मात्र पुढच्या पिढीपर्यंत वाट बंद होते. मामला चिघळलाच, तर सहा महिन्यांची तारीख वहीत लिहिलेली असू द्या.

कुटुंबांनाही यात घेता येईल. आषाढ वद्य एकादशीला नरसीला परतवारी भरते, कयाधूच्या काठी गर्दी लोटते. त्याआधीच्या रविवारी मुलाबाळांसह आपापला टप्पा चालून यावा. वाटेवरच्या जुन्या झाडांची मोजदाद मुले उत्तम करतात, विहिरींची माहिती गृहिणींना आपल्यापेक्षा अधिक असते.

जिल्ह्यातील वाट आपण गावांप्रमाणे टप्प्यांत वाटून घेत आहोत. प्रत्येक टप्प्याला चार जण, प्रत्येकाची पाळी तीन महिन्यांची. महिन्यातून एकदा पूर्ण टप्पा पायी चालायचा, मोटरसायकलवरून नव्हे. वहीत तारीख, काय बदलले आणि कोणाशी बोलणे झाले, या तीनच गोष्टी लिहायच्या. गावनकाशाची प्रत तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात शुल्क भरून मिळते, ती पहिल्या आठवड्यातच काढून घ्या. सेनगाव आणि औंढा तालुक्यांच्या कार्यकर्त्यांनी भोजनानंतर याच सभागृहात थांबावे, टप्प्यांची यादी तेव्हा करू.